अंगातली राखण

रंजितानं टाइप केलेला कागद निमसे वकिलांनी परत टेबलावर ठेवला, तेव्हा तिला वाटलं, एखादा गट नंबर चुकला असेल, नाहीतर तारीख. पण वकील हसत होते. "रंजिता, अनुस्वार काय बाळाच्या पाळण्यात ठेवून आलीस?" तिनं कागद उजेडाकडे धरला. गंगारामचा गगाराम झाला होता. प्रतिज्ञेवर सांगतो-च्या जागी सागतो. वडिलांचे-चं वडिलाचे होऊन कुणा मेलेल्या म्हाताऱ्याचा मान एका टिंबामुळे गेला होता. काही ठिकाणी टिंब फिकट उमटलं होतं, काही ठिकाणी मुळीच नव्हतं. "रिबन जुनी झालीय," ती म्हणाली आणि नवा कागद चढवला. शहापूरच्या कचेरीसमोरच्या त्या गल्लीत दिवसभर चार-पाच मशीन खडखडत असायची, त्यात कुणाचं बोट चुकतंय हे कुणाला ऐकू येत नाही. अनुस्वाराची कळ डाव्या करंगळीखाली असते. टायपिंगच्या क्लासात हे पहिल्याच आठवड्यात अंगात मुरतं, मग त्या कळीकडे कुणी बघत नाही. आज ती बघत होती. बोट खाली जात होतं, पण ते कळीला टेकलं की नाही हे तिला डोळ्यांनीच कळत होतं. तिनं करंगळीवर अंगठ्याचं नख रुतवलं. नखाची खूण पडली. खूण पडल्याचं दिसलं, इतकंच.

रिबन नवीच होती. परवा तिनंच घातली होती.

बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी ती कामावर आली होती. अंग अजून पुरतं आपलं झालेलं नव्हतं, दुपार झाली की ब्लाउज ओला व्हायचा आणि घरी पळावं लागायचं. त्यामुळे अशक्तपणा हा शब्द हाताशी तयार होता. तो तिनं करंगळीवर टाकला, ओल्या लाकडावर राख टाकावी तसा. पण संध्याकाळी न्हाणीत कडी लावून तिनं डावा कोपर आरशाकडे वळवला. कोपराच्या वर, मागच्या अंगाला, जिथं तीन वर्षांपूर्वी रुपयाएवढा फिका डाग तेवढा उरला होता, तिथं आता कातडी लाल आणि फुगीर झाली होती. कोपराच्या आतल्या खोबणीत बोट ठेवलं तर दोरीसारखं काहीतरी सरकलं आणि दंडापासून मनगटापर्यंत कळ गेली. बाहेरून सासू ताराबाईंचा आवाज आला, "रंजिता, पोरगी उठली गो." "आले," ती म्हणाली आणि आपला आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

तिला सगळं ठाऊक होतं, तीच तर अडचण होती. ठाऊक नसतं तर भीतीला निदान आकार नसता. सतराव्या वर्षी चुलीतली ठिणगी कोपरावर पडून कातडी काळी पडली आणि तिला कळलं नाही, आईनं ओरडून हात ओढला तेव्हा कळलं. मग म्हशाजवळच्या त्यांच्या गावात वेखंडे सर आले. सरकारी नोकरीतले, गावोगाव फटफटीवर हिंडून लोकांचे चट्टे बघणारे. त्यांनी कापसाचं टोक फिरवलं, कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचेवर पाणी घेतलं आणि चोवीस महिन्यांच्या गोळ्या सांगितल्या. आई गीताबाईनं त्यांच्याकडून एकच वचन घेतलं होतं, फटफटी घरासमोर लावायची नाही. ते शाळेपाशी उभे राहायचे आणि रंजिता पाण्याला जाताना हंड्यात पाकीट टाकून आणायची. महिन्यातून एका दिवशी सगळ्यात मोठी गोळी, त्या दिवशी लघवी लाल व्हायची. दुसऱ्या गोळीनं हळूहळू चेहरा काळवंडला, भाजल्या विटेसारखा. गावात विचारलं तर आई सांगायची, पोरीला ऊन बाधलंय. त्या दोन वर्षांत म्हशाच्या जत्रेला जाताना आईनं देवळाची वाट सोडली होती. त्या वाटेवर दोन्ही बाजूंना फडकी गुंडाळलेले हात पुढे करून माणसं बसत, आणि लहानपणी आईच रंजिताच्या मुठीत तांदूळ देऊन म्हणायची, लांबून टाक. आता ती बैलबाजाराच्या अंगानं, शेण तुडवत पोरीला न्यायची. दोघींतली कुणीही विचारायची नाही, इकडून का.

मग गोळ्या संपल्या. चेहऱ्याचा रंग परत आला. लग्न ठरलं तेव्हा वेखंडे सरच म्हणाले होते, "तू बरी झालीस. ज्याला पडसं होऊन गेलं तो काय लग्नात सांगत बसतो?" पण निघताना त्यांनी फटफटी पुन्हा बंद केली. "एक लक्षात ठेव. कधी चट्टा लाल झाला, नस दुखली, बोट ऐकेनासं झालं, तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे ये. आठवडा लावू नको. नस एकदा मेली की मग माझ्या हातात काय नाय."

न्हाणीतल्या त्या संध्याकाळला आज आठवा दिवस होता. दररोज सकाळी ती ठरवायची आणि दररोज काहीतरी आड यायचं, आणि ते आड आलं की आतून बरं वाटायचं. जायचं म्हणजे मुरबाडला, सरांच्या दवाखान्यात जायचं, म्हणजे का ते सांगायचं, म्हणजे दिपेशला सांगायचं. तिचा नवरा स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात कामाला होता. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. गोळी हातात न घेता, नुसत्या रंगावरून तो नाव सांगायचा. रात्री जेवताना कुणाला काय झालंय ते बोलायचा, नावं न घेता, पण शहापूर एवढंसं, नावं कळायचीच. अशा माणसाच्या घरात एक गोळीसुद्धा लपवता येत नाही. आणि तो वाईट होता असंही नव्हतं. बाळंतपणाच्या वेळी दुकान सोडून दोन दिवस माहेरी बाहेरच्या ओट्यावर बसून होता. मुलगी झाली म्हटल्यावर त्यानं पहिलं विचारलं होतं, "रंजिता कशी आहे?" हेच आता तिला टोचत होतं. हे ज्या रंजिताबद्दल विचारलं होतं ती त्याला माहीतच नव्हती.

बाळाला ती डाव्या हातावर घेईनाशी झाली. घेतलं तरी चट्ट्याची बाजू बाहेर ठेवायची. सर म्हणाले होते, आता तुझ्यापासून कुणाला काही नाही. हे तिला पाठ होतं, आणि तरीही पोरीच्या मऊ गालाजवळ आपला कोपर आला की ती तो झटकन मागे घ्यायची.

नवव्या दिवशी, रविवारी, ताराबाई देवाला गेल्या होत्या. मुलीला अंघोळ घालायला तिनं पाणी विसणलं आणि सवयीनं डाव्या हाताची कड पाण्यात बुडवून पाहिली. कोमट लागलं. कोमट म्हणजे काहीच लागलं नाही, पण ते तिला तेव्हा सुचलं नाही. पायांवर पालथी घेतलेल्या मुलीच्या पाठीवर तिनं पहिला तांब्या ओतला. मुलगी ओरडली नाही. आधी तिचा श्वासच अडकला, तोंड उघडं, आवाज नाही, आणि मग किंकाळी आली. गार पाणी, पदर, फुंकर. पाठ लालबुंद झाली होती. फोड आले नाहीत. दोन घटकांत लाली उतरली, मुलगी हुंदके देत छातीशी झोपली. रंजिता ओल्या न्हाणीत तशीच बसून राहिली. तिनं उजवा हात बादलीत घातला आणि झटक्यानं काढला.

"रडत का होती गो?" आल्यावर ताराबाईंनी विचारलं.

"पाणी जरा कढत झालं," ती म्हणाली, आणि पुढे, न ठरवता, "आई, मी उद्या मुरबाडला जाऊन येते. पोरीला संभाळा. दुपारपर्यंत येते."

"काय काढलंस मुरबाडला?"

"काम आहे."

शेणव्यावरून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणारी एसटी सकाळी रिकामी होती. कापून झालेल्या भातखाचरांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. ती खिडकीपाशी न बसता मधल्या दांड्याला उजव्या हातानं धरून उभी राहिली, जणू बसली तर उठता येणार नव्हतं. मुरबाडच्या दवाखान्यामागच्या खोलीत वेखंडे सर होते तसेच होते, फक्त केस पांढरे झालेले. तिला पाहून त्यांनी बस म्हणण्याआधीच तिचा डावा हात बघितला.

"किती दिवस?"

"दहा."

सरांनी तो हात टेबलावर उताणा घेतला. तिच्या करंगळी आणि अनामिकेमध्ये कागदाचा तुकडा सरकवून म्हणाले, "घट्ट धर." त्यांनी ओढला, कागद अलगद निघून आला. मग डोळे मिटायला सांगितले. "पेन टेकवतो. जिथं टेकलं तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेव." ती डोळे मिटून वाट बघत राहिली. बराच वेळ काही होईना. मग एकदा अंगठ्याच्या मुळाशी कळलं, तिनं दाखवलं. पुन्हा वाट. "सर, टेकवा ना," ती म्हणाली. "नऊ वेळा टेकवलं गो," सर म्हणाले. तिनं डोळे उघडले. करंगळीच्या बाजूनं तळहातावर शाईचे निळे ठिपके पसरले होते.

"म्हणजे रोग परत आला."

"नाय. तेच तर लोकांना कळत नाय." सरांनी खुर्ची जवळ ओढली. "हा जंतू रक्तात उघडा फिरत नाय. आपल्याच पेशीत शिरतो, नसेच्या आत घर करतो. आपल्या अंगात राखण असते ना, ती बाहेरच्या चोराला धरते. पण चोर आपल्याच घरात, आपल्याच माजघरात बसला तर? तिला दिसत नाय. दिसला तरी धरायला घर फोडायला लागतं. गोळ्यांनी जंतू मेले. पण त्यांची मढी आतच पडून राहतात, वरसानुवरसं. पोटात पोर असताना ही राखण जरा ढिली पडते. पडायलाच लागते, नायतर पोरालाच परकं समजंल. मग बाई बाळंत होते, राखण पुन्यांदा जागी होते. डोळे उघडून बघते तर घरात मढी. तुटून पडते त्यांच्यावर. नस सुजते, कोपराच्या खोबणीत दाबली जाते. जंतूनं नाय, रंजिता, तुझ्या अंगानंच तुझी नस धरलीय."

"मेलेल्यांसाठी?"

"मेलेल्यांसाठी." ते उठले. "डॉक्टरांची चिठ्ठी आणतो. सूज उतरायला रोज सकाळी आठ गोळ्या, जेवून. मग कमी कमी करत पाच महिने. मधेच सोडायच्या नाय. दूध पाज, काय होत नाय. हात येईल. किती येईल ते आत्ता नाय सांगत. दुसऱ्या दिवशी आली असतीस तर सांगितलं असतं."

चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का होता. त्यात कुष्ठरोग हा शब्द सगळ्या अक्षरांनिशी, स्पष्ट. मुरबाडच्या बाजारात औषधांची दोन दुकानं लागली. पहिल्यासमोर ती थांबली, चिठ्ठी पुढे केली आणि दुकानदारानं हात लावायच्या आत मागे घेतली. आठ गोळ्या, पाच महिने. कुठं ठेवायच्या? तांदळाच्या डब्यात? न्हाणीत बसून गिळायच्या? पुन्हा हंड्यात पाकीट, पुन्हा बैलबाजाराची वाट, आणि आता तर पाठीवर कढत पाणी ओतून घेणारी मुलगीही. तिला आईचा राग आला, मग सरांचा, मग तो राग ज्याच्यावर होता त्याच्यावर आला, म्हणजे स्वतःवर. परतीच्या एसटीत तिनं वाक्यं जुळवून पाहिली. एकही तोंडात राहीना. तोंडानं सांगायचंच नाही, एवढं तिनं ठरवलं. त्याला चिठ्ठ्या वाचता येतात.

दिपेशच्या दुकानात दोन माणसं होती. कफाची बाटली घेणारी एक म्हातारी, आणि मागे पेपर वाचत बसलेले शेठ. "तू?" दिपेश म्हणाला. "पोरगी बरी आहे ना?" तिनं मान हलवली आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली. त्यानं ती नेहमीसारखी एका नजरेत वाचली, औषधाचं नाव, मात्रा, दिवस. मग पेशंटचं नाव. आणि मग, अगदी शेवटी, शिक्का. त्याचे डोळे तिथून हलले नाहीत. म्हातारी म्हणाली, "माझी बाटली दे रे आधी." त्यानं बाटली दिली. मग फळीकडे वळला, पट्ट्या काढल्या, मोजल्या, कात्रीनं शेवटची पट्टी कापली, पाकिटावर लिहिलं, सकाळी आठ, जेवणानंतर. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. ते बिघडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"कधीपासून?" खालच्या आवाजात.

"लग्नाच्या आधीचं. शहाण्णवला संपलं. ही नस आहे, आता सुजलीय."

"तुझ्या आईला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मला नाय." त्यानं पाकीट सरकवलं, तिच्या हातात दिलं नाही. काउंटरच्या काचेवर ते मधोमध पडलं होतं. तिनं उचललं.

त्यानं आपल्या आईला सांगितलं ते तिच्यासमोर नाही. तिला ते कळलं ताराबाईंच्या हातांवरून. मंगळवारी सकाळी मुलगी रडत असताना तिनं हात पुढे केले आणि ताराबाईंनी पाठ फिरवली. वाटीत गाईचं दूध होतं, चमचा होता. "हिला मी पाजते. तू तुझं बघ." दोन दिवस तसंच चाललं. मुलगी चमचा थुंकायची, रडून रडून घसा बसला होता, आणि प्रत्येक रडण्याबरोबर रंजिताच्या छातीतून दूध आपोआप सुटायचं. न्हाणीत उभी राहून ती ते पिळून टाकायची. दिपेश घरात असायचा आणि नसायचा. जेवताना ताटाकडे बघायचा. तिच्या लक्षात आलं की कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही, रोग जिथं होता तिथं तो आता नव्हताच. तरी घरातली एकेक दोरी सुजून आवळत चालली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आठ गोळ्या सगळ्यांसमोर घेऊन, पाणी पिऊन ताराबाईंपुढे उभी राहिली.

"पोरीला द्या."

"तुझं दूध नको तिला. तू नाय बघितलीस म्हशाला बसलेली माणसं?"

"बघितली. तांदूळ पण टाकलेत. द्या." मग ती दिपेशकडे वळली. "तुमी दुकानात बायांना सांगता ना, कुठल्या औषधावर पाजायचं, कुठल्यावर नाय. सांगा आईंना. पाजायचं का नाय?"

दिपेश चहाचा कप धरून बसला होता. त्यानं कप खाली ठेवला. मुलगी घोगऱ्या आवाजात रडत होती. "पाजायला हरकत नाय," तो शेवटी म्हणाला, गिऱ्हाइकाला सांगावं तसं. ताराबाईंचा हात ढिला पडला, आणि रंजितानं मुलीला घेतलं, ओढून घेतलं असंच म्हणायला हवं. मुलगी छातीला लागली ती चिडून, गुरगुरत. "पण," दिपेश म्हणाला, "आधी आपण सगळे तपासून घेऊ."

"माझ्या अंगाला कुणी हात लावायचा नाय," ताराबाई म्हणाल्या.

सरांनी महिन्यानं बोलावलं होतंच. तेव्हा ताराबाई सोडून तिघं गेले. दवाखान्यामागच्या अंगणात ऊन चांगलं पडलं होतं. सरांनी दिपेशला सदरा काढायला सांगितला आणि उन्हाकडे पाठ करून उभं केलं. रंजिता मुलीला घेऊन पायरीवर बसली होती. तिनं नवऱ्याची पाठ अशी दिवसाउजेडी कधी बघितली नव्हती. खांद्याजवळचा तीळ, पट्ट्याच्या वर आलेला मळकट घाम. सर एकेक वीत पुढे सरकत होते आणि दिपेशचे खांदे वर वर चढत होते. डोळे गच्च मिटले होते. एक क्षण तिला त्याची कीव आली, इतकी की उठून त्याच्यापाशी जावंसं वाटलं. "काय नाय," सर म्हणाले, आणि दिपेशचा श्वास सुटला तो तिला पायरीपर्यंत ऐकू आला. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा मोकळा झाला. तिला वाटलेली कीव तिथंच विझली. सरांनी मुलीला पालथं, उताणं करून बघितलं, पोटाला गुदगुली केली. "हिलाबी काय नाय." मग रंजिताचा हात. कागद आता ओढताना थोडा अडला. पेन नऊपैकी तीनदा कळलं. "येतोय," सर म्हणाले. "सगळा येईल असं नाय."

परतताना एसटीत दोघं शेजारी बसले. किन्हवली मागे पडली.

"आईला सांगतो, काय नाय म्हणून," दिपेश म्हणाला.

"कुणाला काय नाय?"

"मला. पोरीला."

"आणि मला?"

तो बाहेर बघू लागला. बाहेर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे बघत होता. "तुलाबी काय नाय," तो म्हणाला. "म्हणजे, सर म्हणालेच ना."

"सर म्हणाले ते मला ठाऊक आहे. तुमी काय सांगणार?"

 उत्तर घराच्या दारात आलं. ताराबाई उंबऱ्याशीच उभ्या होत्या. चपला काढायच्या आधी, मान खाली घालून, घाईघाईनं, कुठलीतरी ओझ्याची पिशवी टाकावी तसा दिपेश म्हणाला, "तिघांनाबी काय नाय." ताराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग रंजिताकडे. "मग त्या गोळ्या?" "अजून चार महिने," रंजिता म्हणाली. ताराबाई आत गेल्या. भांडी वाजली. नंतर आतून आवाज आला, "पोरीला पाजून घे, मग जेवायला बसू," आणि हे बोलणं कुणाला होतं हे त्यांनी सांगितलं नाही, पण पाजायचं काम रंजिता एकटीच करू शकत होती.

ती भिंतीला टेकून बसली. मुलीला डाव्या हातावर घेतलं, चट्ट्याच्या बाजूला, मुद्दाम नाही, ती बाजू जवळ होती म्हणून. मुलगी चोखू लागली. तिच्या डोक्याचं ओझं कोपरावर आलं आणि थोड्या वेळानं खोबणीतून एक बारीक कळ निघाली, मनगटावरून उतरली आणि करंगळीच्या टोकापर्यंत गेली, मुंग्या चावाव्यात तशी, ओंगळ, जळजळीत. दुखत होतं. तिनं हात बदलला नाही.